त्या कवीच्या घरात दोघं राहत होते

शाळेच्या पुस्तकात प्रत्येक कवितेच्या वर एक चौकट असायची. कविपरिचय. जन्मगाव, शिक्षण, नोकरी, ग्रंथसंपदा, मिळालेले मानसन्मान. ती पाठ केली की दोन मार्क नक्की. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आई अंगणवाडीत मदतनीस होती आणि माझ्याआधी आमच्या घरात कोणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. त्यामुळं नक्की मिळणाऱ्या मार्कांची किंमत मला फार होती. तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, तेव्हाही कुठल्याही कवीबद्दल लिहायचं म्हटलं की मी आधी मनात ती चौकट आखायचो. पुढं कितीतरी वर्षांनी रियाधमध्ये एका अमेरिकन कवीवर बोलायची वेळ आली, तेव्हाही मी चौकटच आखली. आणि तिच्यात एक शब्द खोटा लिहिला.

मी रियाधच्या अल सुलै भागातल्या एका फॅब्रिकेशन यार्डात डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. यार्डात पाइप कापतात, जोडतात, तपासतात. त्यासाठी लागणारी ड्रॉइंग्ज, त्यांच्या प्रती, कुणाला कधी दिल्या त्याच्या सह्या, हे सगळं माझ्याकडं. एक अमेरिकन सल्लागार इंजिनिअर निवृत्त होऊन घरी गेले आणि त्यांच्या केबिनमधले खोके लावून ठेवायला माझ्याकडं आले. फायलींच्या मध्ये एक कवितांचं पुस्तक निघालं, कडा कुरतडलेलं, चहाचे डाग पडलेलं. मी त्यांना मेल केली. उत्तर आलं, तुम्हाला वाचायचं असेल तर ठेवा, नसेल तर ज्याला हवं त्याला द्या.

मी ठेवलं. पहिले काही आठवडे मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. पण सुरुवातीला त्या कवीच्या आयुष्याबद्दल मोठी प्रस्तावना होती आणि ती मी एका बैठकीत वाचली. लोखंडाच्या कारखान्याच्या गावातला मुलगा. बाप भट्टीवर कामाला. घरातून कॉलेजात गेलेला तो पहिलाच. ते वाक्य मी दोनदा वाचलं. कॉलेज अर्धवट सोडून तो मालवाहू बोटीवर गेला, मग छापखान्यात खिळे जुळवायला लागला. युद्धाविरुद्ध कविता लिहिल्या म्हणून पोलिसांनी उचलला, सुटल्यावर पुन्हा तशाच लिहिल्या. केस वाढवलेले, अंगात एकच कोट. मित्रांनी हातानं फिरवायच्या मशीनवर त्याची पुस्तकं छापली आणि चौकात उभं राहून वाटली. मोठे लोक त्याला बिघडलेला म्हणायचे. तरुण पोरं त्याच्या कविता तोंडपाठ करायची.

आणि तीस वर्षांहून जास्त तो एका बस दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकबरोबर राहिला. गॅरेजच्या वर दोन खोल्या होत्या. नवरा-बायको राहतात तसे ते दोघं राहिले, असं प्रस्तावनेत सरळ लिहिलं होतं. पुस्तकातल्या निम्म्या कविता त्या मेकॅनिकसाठीच. त्यात मोठं असं काही नव्हतं. सकाळी आधी कोण उठतं, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून भांडण, ग्रीसचे हात धुवायला कुठला साबण चांगला. पुढं मेकॅनिकच्या छातीत दुखणं झालं, त्यावेळच्या कविता होत्या. हॉस्पिटलात कवीला कुणीतरी विचारतं, पेशंटचे तुम्ही कोण? एवढ्यावर एक अख्खी कविता होती.

मी त्या पुस्तकाचं मराठी करायला घेतलं. कामगारांच्या कॅम्पमधून यार्डाकडं जाणाऱ्या बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. मेकॅनिकच्या कविता मात्र मी सोडून पुढं जायचो. त्या अवघड आहेत, नंतर करू, असं स्वतःला सांगायचो. त्या अजिबात अवघड नव्हत्या. सगळ्यात सोप्या त्याच होत्या.

आमच्या कंपनीत एक नाशिकचे मोठे इंजिनिअर होते. त्यांच्या फ्लॅटवर महिन्यातून एकदा शुक्रवारी दुपारी मराठी मंडळी जमायची. इंजिनिअर लोकांची कुटुंबं आणि कॅम्पमधले आम्ही चार-पाच जण. कुणीतरी एका विषयावर बोलायचं, मग खाणं. मी वाचतो हे कळल्यावर साहेबांनी मला विचारलं, "एखादा परदेशी कवी घ्या की. तुमचं इंग्रजी चांगलं आहे." त्यांना हे सहज वाटलं असेल. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. त्या फ्लॅटमध्ये तोवर मी दाराजवळच्या खुर्चीवर बसत होतो.

मी चौकट आखली. जन्म, शिक्षण, नोकऱ्या, तुरुंग, पुस्तकं. कौटुंबिक माहितीपाशी आलो आणि लिहिलं, 'आयुष्यभर अविवाहित'. कुणी मला तसं लिहायला सांगितलं नव्हतं. मला त्या घरात पुन्हा बोलावणं हवं होतं, एवढंच कारण.

भाषण छान झालं. कारखान्याचं गाव, बोटी, पोलीस, सगळ्यांनी मन लावून ऐकलं. 'अविवाहित' म्हटल्यावर साहेबांच्या बायको, आमच्या वहिनी, हळहळून म्हणाल्या, "म्हणजे ब्रह्मचारीच की! सगळं आयुष्य कवितेला वाहिलं."

"संतच म्हणा," कुणीतरी म्हणालं.

सगळे टाळ्या वाजवत होते. मी हात जोडले. त्या दिवशीचे साबुदाणा वडे मी चार खाल्ले.

परत कॅम्पला जाताना माझ्या शेजारी आमचा पाइपफिटर दादा बसला होता. सिंधुदुर्गातला, चाळिशी ओलांडलेला, यार्डातला सगळ्यात चांगला हात. वीस वर्षांपूर्वी आलेला, मला मास्तर म्हणायचा. दोन दिवसांची सुट्टी जोडून आली की हा दहा-बारा तासांची बस करून जेद्द्याला जायचा. तिथल्या शराफिया भागात एका भारतीय हॉटेलात त्याचा मित्र स्वयंपाकी होता, केरळचा. आधी तो आमच्याच कॅम्पच्या मेसमध्ये होता, आठ वर्षं. मेसचं कंत्राट बदललं आणि त्याला तिकडं जावं लागलं. दादाची बसची तिकिटं माझ्या मोबाइलवरून निघायची, म्हणून मला माहीत. कॅम्पात पोरं चिडवायची, "काय दादा, जेद्द्याला कुणाला ठेवलंय?"

"तुझ्या सासूक," दादा म्हणायचा आणि विषय खलास.

त्या दिवशी बस हायवेला लागल्यावर तो म्हणाला, "मास्तर, एक इचारू?"

"विचार की."

"तुझो तो कवी शेवटपर्यंत एकटोच रवलो?"

मी खिडकीतून बाहेर बघत म्हटलं, "हो. एकटेच."

"बायल नाय, पोरा नाय. मगे आजारी पडल्यावर कोण बघी त्याका?"

"तसं काही लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

 दोन्ही बाजूंनी गोदामं मागं पडत होती. मग तो म्हणाला, "बरा झाला सांगितलंस. ह्या सुट्टेक आवशीन चेडू बघून ठेवल्यान हा. पाच वरसां मी नाय नाय म्हणतंय. आता हो म्हणान टाकतंय. म्हातारपणी एकट्यान खाटीर पडान रवाचा, ता माका जमाचा नाय."

मला सगळं कळायला कॅम्पचं गेट यावं लागलं. जेद्दा, मेसमधली आठ वर्षं, दरवेळी तिकडून येताना आणलेला केळ्याच्या वेफर्सचा तोच एक पुडा, पाच वर्षांचं नाही. आणि आता माझ्या एका शब्दावरून तो एका मुलीला हो म्हणणार होता. तिला तर काहीच माहीत नव्हतं.

सुट्टीला सहा आठवडे होते.

आधी वाटलं, उद्या त्याला बाजूला घेऊन खरं सांगावं. पण सांगणार कसं? 'दादा, तो कवी एका पुरुषाबरोबर राहत होता,' असं मी त्याला एकट्यालाच सांगितलं असतं, तर त्यातलं न बोललेलं वाक्य त्याला लगेच ऐकू आलं असतं: मला तुझं माहीत आहे. वीस वर्षं त्यानं जे जपलं, ते मी एका मिनिटात उघडं केलं असतं. या देशात तर त्याची भीती वेगळीच. त्यानंतर त्यानं माझ्याकडून कधी तिकीट काढून घेतलं नसतं.

मग माझ्या कामानंच मला वाट दाखवली. यार्डात एखादं ड्रॉइंग चुकलं तर आम्ही खोडत नाही. नवीन रिव्हिजन काढतो, बदललेल्या जागेभोवती ढगासारखी रेघ काढतो, म्हणजे बघणाऱ्याची नजर आधी तिथंच जाते. पण तेवढ्यावर माझं काम संपत नाही. जुनी प्रत ज्याच्या ज्याच्या हातात आहे त्याच्यापर्यंत चालत जायचं आणि ती परत घ्यायची. कपाटात नवीन प्रत असून काही उपयोग नाही. कुणीतरी जुन्यावरून पाइप कापत असतो.

म्हणजे जिथं वाटली तिथंच परत घ्यायला हवी होती. त्याच खोलीत, सगळ्यांसमोर. दादा सगळ्यांमधला एक म्हणून ऐकेल, मान वर करायची की खाली, त्याचं तो ठरवेल.

मेकॅनिकच्या कविता मी त्या दिवसापासून घेतल्या. अकरा होत्या. बसमध्ये, जेवणानंतरच्या वीस मिनिटांत, मेसच्या टेबलावर ताटं उचलायच्या आत. साबणाची कविता पहिल्यांदा केली तेव्हा इतकी पुस्तकी झाली की मलाच हसू आलं. फाडली. दुसऱ्यांदा वडिलांच्या दुकानातले हात आठवून केली, काळे, नखांत वंगण, आणि ती जमली. तीन आठवड्यांत आठ झाल्या.

पुढच्या बैठकीत साहेबांचे एक स्नेही ट्रेकिंगचे फोटो दाखवणार होते. मी साहेबांना ऑफिसात गाठलं. म्हटलं, "मला आधीची पंधरा मिनिटं द्याल? गेल्या वेळी माझ्याकडून चुकीची माहिती दिली गेली. दुरुस्त करायची आहे."

"अहो, कोण एवढं लक्षात ठेवतं?" ते हसले. "साल चुकलं का एखादं?"

मी काय चुकलं ते सांगितलं. त्यांचं हसू गेलं. उठून त्यांनी केबिनचं दार लावलं.

"हे बघा," ते म्हणाले, "मला वैयक्तिक काही नाही. पण आपण परक्या देशात आहोत. बैठक माझ्या घरी होते. माझा इकामा, माझी नोकरी, मुलीची शाळा. उद्या कुणी बाहेर काही बोललं तर? तुम्ही एकटे आहात, तुम्हाला काय?"

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. माझाही इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, होता, माझ्या पगारावर घरी बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण चालू होतं, पण ते मी बोललो नाही. मी म्हटलं, "साहेब, मी कुणाची बाजू मांडणार नाही. एका माणसाच्या घरात कोण राहत होतं तेवढं सांगणार. मी खोटं सांगितलंय आणि ते तुमच्या घरात सांगितलंय."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मी प्रत्येकाला वेगळं जाऊन सांगेन. वेळ लागेल."

 साहेबांशी मी असा कधीच बोललो नव्हतो. ते म्हणाले, घरी विचारून सांगतो.

दोन दिवसांनी वहिनींचाच फोन आला. "अहो, त्यांना ब्रह्मचारी कोण म्हणालं? मी म्हणाले. आमच्या भिशीत दोघी-तिघींना सांगूनही झालं. मला चुकीचं सांगत फिरायला आवडत नाही. तुम्ही या, पंधरा मिनिटं बोला. पण पंधराच हं, वडे गार होतात."

त्या शुक्रवारी मी दाराजवळच्या खुर्चीवरूनच उठलो. दादा कोपऱ्यात भिंतीला टेकून खाली बसला होता. मी त्याच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते पाळलं. कागद हातात घेतला, पण वाचला नाही.

मी म्हणालो, "गेल्या महिन्यात मी सांगितलं की हे कवी अविवाहित होते, आणि तुम्हाला वाटलं की ते एकटे होते. ते एकटे नव्हते. त्यांच्या घरात दोघं राहत होते. दुसरा माणूस बस दुरुस्त करायचा. तीस वर्षांहून जास्त ते नवरा-बायकोसारखे राहिले. कवी आजारी पडले तेव्हा त्यानं केलं, तो आजारी पडला तेव्हा कवींनी केलं. हे पुस्तकात पहिल्या पानापासून लिहिलेलं आहे. मला ते माहीत होतं. मी लपवलं, कारण मला तुमच्यात बसायचं होतं."

  ट्रेकिंगवाले स्नेही मोबाइल बघायला लागले. एक जण उठून मुलांना म्हणाले, "चला, होमवर्क राहिलाय." त्यांच्या बायकोनं, "आज शुक्रवार आहे," म्हणून त्यांना खाली बसवलं.

तेवढ्यात साहेबांची आठवीतली मुलगी म्हणाली, "अंकल, सो दे वेअर मॅरीड, बेसिकली?"

"तू आधी वडा खा," साहेब म्हणाले.

"खातेय ना. बट वेअर दे?"

"हो," मी म्हटलं. "बेसिकली."

त्या मेकॅनिकवर अकरा कविता आहेत, असं सांगून मी तीन वाचल्या. साबणाची, खिडकीच्या भांडणाची आणि हॉस्पिटलची. हॉस्पिटलच्या कवितेत कवीला विचारतात, पेशंटचे तुम्ही कोण, आणि तो शांतपणे सांगत बसतो की त्याला चहात साखर किती लागते, कुठल्या कुशीवर झोप येते, कुठला गुडघा पावसाळ्यात दुखतो. विचारणारा लिहून घ्यायचं थांबतो. एवढीच कविता. ती वाचताना एका ठिकाणी मी अडखळलो, पण पूर्ण केली.

वहिनी म्हणाल्या, "बरं झालं हो. मला उगीच त्यांची दया येत होती."

साहेबांनी आभार मानले. पुढच्या महिन्यापासून पाककृती आणि आरोग्य असे विषय ठेवू, असंही सांगितलं. मला पुन्हा बोलायला बोलावणं आलेलं नाही. बैठकीला अजून बोलावतात, तेवढं आहे, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्यांनी त्यांच्या घरात मला बोलू दिलं, हे सोपं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये दादा माझ्याशेजारी बसला नाही. पुढं ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसला. दोन आठवडे तो माझ्याशी ड्रॉइंगापुरतं बोलत होता. मी जेद्द्याबद्दल विचारलं नाही, लग्नाबद्दल विचारलं नाही. उरलेल्या तीन कविता पूर्ण केल्या.

सुट्टीवर जायच्या आदल्या दिवशी तो नव्या ड्रॉइंगची सही करायला माझ्या काउंटरवर आला. सही केली, पेन परत दिलं नाही.

"मेकॅनिक आधी गेलो काय कवी?" त्यानं विचारलं.

"मेकॅनिक. कवी त्यानंतर चार वर्षांनी."

"चार वरसां एकटो."

"चार वर्षं," मी म्हटलं. "आधीची तीस सोडून."

त्यानं पेन ठेवलं आणि गेला.

महिन्याभरानं तो परत आला. चेहरा उतरलेला, पण चालणं नेहमीचं. मेसमध्ये ताट घेऊन माझ्यासमोर बसला आणि मी न विचारताच सांगायला लागला. मुलीला तो तिच्या भावासमोर भेटला होता. तिला म्हणाला, तुझ्यात काही खोट नाही, माझं मन दुसरीकडं आहे, तुला फसवायचं नाही. भाऊ अंगावर धावून आला. मुलगी फक्त म्हणाली, आधीच सांगितलंत, बरं केलंत.

"आणि आई?"

"आवस आठ दिस बोलाक नाय. नवव्या दिसाक माका इचारल्यान, जेद्द्यात कोण आसा तुझा? मी म्हटलंय, माझा माणूस आसा. मगे कोकमां वाटीत घेऊन निवडीत बसली." त्यानं भातात आमटी कालवली. "येताना दोन पिशवे बांधून दिल्यान. मी म्हटलंय एकच पुरे. म्हणाली, दोन घेवन जा."

मी ताटाकडं बघत राहिलो.

"बघतंस काय? जेव," तो म्हणाला. "आणि ऐक, ह्या गुरुवारी जेद्द्याची दोन तिकिटां काढ. तुझा एक. त्याका मराठी येणा नाय. ते अकराच्या अकरा कविता तू हिंदीत करून वाचून दाखव."

"अकरा? गुरुवारपर्यंत?"

"मगे काय झाला? माझ्यासाठी तीन आठवड्यांत आठ केलंस ना?"

म्हणजे त्यानं सगळं बघितलं होतं, मी बसमध्ये काय लिहीत होतो तेही.

माझं हिंदी यार्डापुरतं आहे, कटिंग, वेल्डिंग, यल्ला जल्दी. त्यात कविता कशी बसवायची मला माहीत नव्हतं. कॅम्पमधल्या लखनौच्या वेल्डरला पकडून मी शब्द विचारत राहिलो. तो कंटाळला, तरी विचारत राहिलो. खिडकीची झाली, साबणाची झाली. गुरुवारी कामावरून सुटल्यावर थेट बस स्टँडवर गेलो, बाकावर बसून वही उघडली. बस सुटायला दोन तास होते आणि दोन कविता राहिल्या होत्या. दादा शेजारी कोकमांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसला होता आणि कुणी माझ्याशी बोलायला आलं की त्याला हातानंच लांब करत होता.